साहेब, लेव्हल मिळत नव्हती!

या वीकेंडचा विषय गटार आहे. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. पण तुमच्यापैकी ज्यांनी तळेगाव, वडगाव, कामशेत किंवा लोणावळ्याकडे 'निसर्गाच्या कुशीत' वन बीएचके बुक केलाय, किंवा करायचा विचार आहे, त्यांनी जरा थांबा. ब्रोशरमध्ये धुकं असतं, डोंगर असतो, स्विमिंग पूल असतो. या सगळ्याच्या खालून काय जातं, ते नसतं.

तर झालं असं. गेल्या जुलैत एका मित्राकडे राहायला गेलो होतो. मावळातलं एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण उद्या दुसऱ्या कुठल्याही गावात हेच होईल. रविवार, धो धो पाऊस, आणि काकूंनी कांदाभजी टाकलेली. पहिला घाणा बाहेर आला तेवढ्यात बाथरूममधून गुडगुड आवाज यायला लागला. बघतो तर जाळीतून पाणी वर येतंय. आधी वाटलं पावसाचं असेल. वासाने शंका फिटली. तळमजल्याचा फ्लॅट. अर्ध्या तासात पॅसेजमध्ये घोट्याएवढं मैलापाणी. भजी राहिली बाजूला, आम्ही तिघं गोणपाटं आणि बादल्या घेऊन लढत होतो.

बाहेर जाऊन बघितलं तेव्हा प्रकार कळला. सोसायटीच्या कडेने पावसाळी गटार जातं. मीटरभर रुंद, मीटरभर खोल. शेजारचे आजोबा म्हणाले की हा पूर्वी भातखाचरांचा ओहोळ होता, बिल्डिंगा झाल्यावर त्यालाच काँक्रीट केलं. फेब्रुवारीत या रस्त्यावर नवी ड्रेनेज लाइन टाकली. ती लाइन या गटाराला जिथे ओलांडते, तिथे ती खालून गेलीच नव्हती. सरळ गटाराच्या पोटातून आरपार! पाइपाभोवती काँक्रीटचं जाड वेष्टण, आणि त्या वेष्टणाला अडकलेल्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, फांद्या, एक चप्पल. गटार तुंबून पाणी रस्त्यावर. रस्त्यावर नव्या लाइनचं चेंबर, त्याचं झाकण फुटलेलं, त्यात पाण्याचा भोवरा. म्हणजे गटारातलं पाणी रस्त्यावर, रस्त्यावरचं चेंबरमध्ये, आणि चेंबरमधलं काकूंच्या बाथरूममध्ये.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराचा सुपरवायझर आला. आम्ही त्याला पाइप दाखवला. त्याने शांतपणे एकच वाक्य टाकलं.

"साहेब, लेव्हल मिळत नव्हती."

हा निबंध त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

*

आमच्या धंद्यात याला मर्ज कॉन्फ्लिक्ट म्हणतात. दोन माणसांनी एकाच फाइलमधली एकच ओळ वेगवेगळी बदलली की सिस्टिम थांबते आणि विचारते, बाबांनो, यातलं खरं कुठलं? मग कुणीतरी बसून दोन्ही बदल वाचायचे, ठरवायचे, आणि मगच पुढे जायचं. आळशी माणूस काय करतो? 'दोन्ही ठेवा' दाबतो. फाइल सेव्ह होते, त्याचं काम संपतं, तो घरी जातो. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन कोसळतं तेव्हा फोन भलत्यालाच येतो.

गटाराच्या पोटातून नेलेला पाइप म्हणजे 'दोन्ही ठेवा'. फक्त इथे रात्री दोन वाजता फोन येत नाही, बाथरूमच्या जाळीतून मैला येतो.

आता कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, एक पाइप तर गेलाय. मग थोडा हिशोब करू. शाळेतला गुणाकार आहे, घाबरू नका.

एक हेक्टर जागा घ्या, म्हणजे अडीच एकर. त्यावर २०० माणसं राहतात. आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला, असं धरून डिझाइन करतात. म्हणजे दिवसाला साधारण २१,६०० लिटर. सेकंदाला पाव लिटर. सकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी तिप्पट करा: पाऊण लिटर.

आता त्याच हेक्टरवर तासाला ५० मिमीची जोरदार सर कोसळू द्या. तासात पाच लाख लिटर पाणी पडलं. छपरं, पेव्हर ब्लॉक आणि डांबर असल्यामुळे त्यातलं ७० टक्के वाहून आलं असं धरलं तरी सेकंदाला ९७ लिटर. एकीकडे पाऊण, एकीकडे ९७. जवळपास १३० पट! या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तर मैल्याचा पाइप पावसापुढे किती सेकंद टिकेल?

आणि हा मावळ आहे, मंडळी. पुणे शहरात वर्षाला सातशे-साडेसातशे मिमी पाऊस पडतो. लोणावळ्यात त्याच्या पाच-सहा पट पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जुलै २०२४ मध्ये लोणावळ्यात एका दिवसात ३०० मिमीच्या वर पाऊस झाला होता. म्हणजे पुण्याचा जवळजवळ अर्धा पावसाळा चोवीस तासांत.

तर या पावसाची वाट आपण किती अडवली तेही बघू. गटार एक मीटर बाय एक मीटर. पाइप २०० मिमीचा, पण भोवतीचं काँक्रीट धरून उंची झाली ४० सेंटिमीटर. म्हणजे गटाराचा ४० टक्के छेद गेला, आणि तोही कोरड्या हिशोबात. कचरा अडकला की उरलेलं ६० टक्के किती उरतं, ते मी पावसात उभं राहून बघितलंय.

*

सुपरवायझर खोटं बोलत नव्हता हे मान्य केलं पाहिजे. लेव्हल खरंच मिळत नसते. का, ते समजून घेऊ, नाहीतर आपण नुसतं त्याच्यावर ओरडू आणि कटकट तशीच राहील.

पिण्याच्या पाण्याची लाइन दाबाखाली असते. ती वर-खाली, वाकडी-तिकडी कशीही जाते. ड्रेनेजचं तसं नाही. ती ढाळावर चालते. आतलं पाणी निदान सेकंदाला ०.६ मीटर वेगाने गेलं पाहिजे, नाहीतर घाण तळाला बसते. २०० मिमीच्या पाइपाला त्यासाठी साधारण ३०० मीटरला एक मीटर ढाळ लागतो. आता समजा सपाट रस्त्यावर लाइन सव्वा मीटर खोल चाललीय आणि मध्ये गटार आलं. त्याच्या तळाखालून जायचं तर आणखी ६० सेंटिमीटर खाली जावं लागणार. पण हे ६० सेंटिमीटर तेवढ्याच जागी संपत नाहीत. पाणी पुन्हा वर चढत नाही! त्यामुळे तिथून पुढचं प्रत्येक चेंबर ६० सेंटिमीटर जास्त खोल. आणि मावळात थोडं खणलं की मुरूम, मग काळा पाषाण. ब्रेकर लावा, दिवसाला चार-पाच मीटर सरका, बिल वाढवा. त्यापेक्षा गटाराच्या भिंतीला दोन भोकं पाडली की दुपारपर्यंत काम फत्ते.

म्हणजे मोह कशाचा आहे ते कळलं ना? एका भोकाने पुढच्या शंभर मीटरचं खोदकाम वाचतं. वाचलेले पैसे कंत्राटदाराला दिसतात. तुंबलेलं पाणी काकूंना दिसतं. दोघांची हिशोबाची वही वेगळी, म्हणूनच हे चालतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की लेव्हल मिळत नाही हे चर खणल्यावर कळणं हाच गुन्हा आहे. गटार काय काल रात्री उगवलं? ते आजोबांच्या लहानपणापासून तिथे आहे. ते रस्त्यावरून दिसतं. एक माणूस, एक लेव्हलचं यंत्र, दोन दिवस. रस्त्यावरची सगळी क्रॉसिंगं मोजून होतात. जे झाकलेलं आहे तिथे एखादा तपासणीचा खड्डा घ्यायचा. मग कागदावर लाइनचा उभा छेद काढायचा, त्यावर प्रत्येक गटाराचा आणि मोरीचा तळ दाखवायचा, आणि पहिला पाइप विकत घेण्याआधी ठरवायचं की कोण कुणाला वाट देणार. कागदावर ६० सेंटिमीटर खाली जायला खोडरबर लागतं. रस्त्यावर ब्रेकर लागतो.

*

मग वाट कुणी द्यायची? माझ्या मते नियम सोपा आहे: पावसाला पहिला मान, मैल्याच्या लाइनने हटायचं.

यात भावनेचा प्रश्न नाही. मैलापाणी थोडं असतं, रोज तेवढंच असतं, लहान पाइपात मावतं, आणि अगदीच अडलं तर पंपाने उचलता येतं. पावसाचं पाणी प्रचंड असतं, सांगून येत नाही, आणि ते उचलेल असा पंप कुठल्या गावाला परवडणार? जो लवचिक आहे त्याने वाकायचं. मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला. त्या रुळांच्या भरावाखालून मोऱ्या ठेवल्या आहेत, कारण तेव्हाच्या इंजिनिअरांना ठाऊक होतं की घाटातलं पाणी रूळ बघून थांबत नाही.

हटायचे मार्गही काही कमी नाहीत. पहिला आणि सगळ्यात चांगला: लाइन गटाराच्या तळाखालून न्या आणि तिथल्या लेव्हलपासून मागे-पुढे अख्ख्या लाइनचा ढाळ नव्याने बसवा. दुसरा: लाइनचा रस्ताच बदला, थोडं लांबून पण क्रॉसिंग टाळून. तिसरा मला फार आवडतो. गटाराचा आकार बदला. एक मीटर बाय एक मीटरऐवजी दीड मीटर रुंद आणि ६७ सेंटिमीटर खोल केलं तर छेद तेवढाच राहतो, भिंतींचं घर्षण उलट किंचित कमी होतं, आणि तळ ३३ सेंटिमीटर वर येतो. अर्थात हे क्रॉसिंगपुरतं करून मध्येच उंबरठा उभा करायचा नाही. मागचा-पुढचा तळ जुळवून घ्यावा लागतो. पण पावसाची वाट न अडवता मैल्याच्या लाइनला जागा मिळते.

चौथा मार्ग उलट्या सायफनचा. लाइन गटाराखाली यू आकारात बुडी मारते आणि पलीकडे वर येते. ऐकायला झकास. पण त्यात पाणी कायम भरलेलं असतं, म्हणून वेग सेकंदाला मीटरभर तरी हवा, शक्यतो दोन पाइप हवेत म्हणजे एक बंद करून दुसरा साफ करता येईल, आणि साफ करणारा माणूस व यंत्र कायमचं हवं. ज्या गावात गटारावरचं झाकण वर्षभर बदललं जात नाही तिथे सायफन टाकणं म्हणजे मॅन्युअल न वाचणाऱ्याला विमान देणं. पाचवा पंपिंग स्टेशन. तिथे वीज गेली की संपलं, आणि मावळात पाऊस आणि वीज यांचं फारसं पटत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. मैलापाणी वेगळं आणि पाऊस वेगळा ठेवा, हे केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या नियमावल्या सांगतात. मैलापाण्याची २०१३ ची आहे, पावसाळी गटारांची २०१९ ची. लोच्या इतकाच आहे की दोन नियमावल्या, दोन टेंडरं, दोन कंत्राटदार, आणि त्यांची गाठ पडते त्या एक मीटरचा मालक कुणीच नाही.

*

आता नेहमीचे आक्षेप.

"गटार तर आठ महिने कोरडंच असतं." बरोबर. छत्रीसुद्धा आठ महिने कपाटात असते. म्हणून तिला भोक पाडत नाही कुणी.

"लंडनमध्ये दोन्ही पाणी एकाच गटारात जातं, ते काय येडे आहेत?" नाहीत. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सला अशी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटमध्ये बसवेना, मग जोसेफ बॅझलजेटने ती प्रचंड गटारं बांधली. कामगिरी थोरच. पण आता पाऊस वाढला की तीच गटारं ओसंडून मैला नदीत जायचा. तो अडवायला लंडनने २५ किलोमीटरचा टेम्स टाइडवे बोगदा खणला आणि २०२५ मध्ये पूर्ण चालू केला, अब्जावधी पौंड खर्चून. आणि लंडनचा पाऊस वर्षाला सहाशे मिमीच्या आसपास! लोणावळ्यात तेवढा दोन-तीन दिवसांत पडू शकतो.

"३१ मार्चच्या आत काम संपवलं नाही तर निधी परत जाईल." हा सगळ्यात खरा आणि सगळ्यात भयानक आक्षेप. म्हणजे आपण ढाळ पाण्यासाठी काढत नाही, आर्थिक वर्षासाठी काढतो. जो निधी परत जाऊ नये म्हणून धावपळ केली, त्याच्याच पाइपाने दुसऱ्या निधीतून बांधलेलं गटार मारलं.

"लोकच कचरा टाकतात." टाकतात, आणि ते चूकच आहे. पण कचरा येणार हे धरूनच डिझाइन करायचं असतं. यूजर चुकीचं इनपुट देणार हे गृहीत न धरणाऱ्या प्रोग्रॅमरला आम्ही नोकरीवर ठेवत नाही.

*

आता जे सांगतोय ते हसत सांगता येत नाही.

त्या सोमवारी सुपरवायझरने दोन पोरं आणली होती. विशीची असतील नसतील. आधी बांबूच्या पट्ट्या घालून बघितलं, चोकअप हलेना. मग त्यातल्या एकाने शर्ट काढला आणि चेंबरच्या कडेला बसून पाय आत सोडले. ना दोर, ना मास्क, काही नाही. आम्ही दोघं इंजिनिअर, बघत उभे. काकू मात्र गॅलरीतून ओरडल्या, "ए, त्याला बाहेर काढ आधी! उतरायचंच असेल तर तू उतर!" सुपरवायझर ओशाळला. पोरगा बाहेर आला. दुपारी दुसऱ्या गावाहून जेटिंगची गाडी मागवली आणि तासात लाइन मोकळी झाली. गाडी मिळत होती, मंडळी. फक्त पोरगं स्वस्त होतं.

असं माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई ३० लाख केली. तरी बातम्या थांबत नाहीत. आपण त्या वाचतो, वाईट वाटतं, आणि तो माणूस आत का उतरला हे विचारत नाही. तो चोकअप काढायला उतरला. चोकअप का झालं? गाळ आणि पावसाचा कचरा मैल्याच्या लाइनीत शिरला म्हणून. तो का शिरला? क्रॉसिंगवर लेव्हल मिळत नव्हती म्हणून. दोन दिवसांचा सर्व्हे वाचवला त्याची किंमत त्या पोराच्या अंगावर.

आणि पाणी कुठे जातं? मावळातलं बरंचसं पाणी शेवटी इंद्रायणीला मिळतं. लोणावळ्याजवळ उगम, मग कामशेत, मग देहू, मग आळंदी. पावसाचं पाणी मैल्यात शिरलं की शुद्धीकरण प्रकल्पावर झेपेल त्याच्या कित्येक पट लोंढा येतो, आणि जे झेपत नाही ते तसंच नदीत. उलट मैल्याची लाइन गटाराच्या पोटात फुटली तर तीही नदीतच. आळंदीला नदीवर फेस येतो तेव्हा आपण कारखान्यांना शिव्या देतो. द्याव्यातच. पण आपल्या घरांचा मैलाही त्याच पात्रात असतो. ज्येष्ठात पालख्या निघतात तेव्हा माणसं तिथे भक्तिभावाने बुडी मारतात. वरच्या अंगाला वीकेंड होमच्या गॅलरीत चहा पिताना आपण त्यांना काय पाठवतो, ते एकदा आठवून बघा.

लोणावळ्याचं तर गणितच आणखी अवघड. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५७ हजारांच्या आसपास. जुलैतल्या शनिवारी भुशी डॅमच्या रस्त्यावर गाडीत तीन तास अडकलेल्या कुणालाही विचारा, त्या दिवशी गावात माणसं किती होती. पाऊस सगळ्यात जास्त असतो तेव्हाच आपण सगळ्यात जास्त असतो. आपण म्हणजे मी पण. चिक्की घेऊन परत येतो, बाकीचं तिथेच ठेवून.

*

मग करायचं काय? आपण नगरसेवक नाही, पण अगदीच हात बांधलेले नाहीत.

तुमच्या रस्त्यावर ड्रेनेजचं काम निघालं की माहितीच्या अधिकारात, २००५ पासून आहे तो, लाइनचा उभा छेद मागा. त्यावर पावसाळी गटारांचे तळ दाखवले नसतील तर तिथेच बोंब मारा, चर खणायच्या आधी. काम चालू असताना क्रॉसिंगचा फोटो काढा, माती लोटण्यापूर्वी. पंधरा मेगापिक्सेलचा कॅमेरा नुसता भुट्ट्याचे फोटो काढायला नाही. फ्लॅट घेताना बिल्डरला विचारा की गच्चीचं पाणी कुठे जातं. 'ड्रेनेजला जोडलंय' असं अभिमानाने सांगितलं तर समजा की तुमचाच पाऊस तुमच्याच बाथरूममध्ये येणार आहे. आणि सोसायटीने आधीच तसं जोडलं असेल तर या उन्हाळ्यात प्लंबर बोलवा आणि तोडा. लोकांना शिव्या देण्याआधी आपल्या गच्चीपासून सुरुवात.

माझ्या मित्राकडे अजून तो पाइप तिथेच आहे. अर्ज केलाय, पावसाळ्यानंतर बघू म्हणालेत. काकूंनी बाथरूमच्या जाळीवर वरवंटा ठेवलाय. त्याने काही होत नाही हे मी त्यांना ढाळ-बिळ समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला कळतं रे. पण दुसरं कुणी काही करतंय का?"